कायदा नशा करणाऱ्याला काय शिकवतो?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2020 साली जनमत घेतलं आणि अंमली पदार्थ थोड्या प्रमाणात स्वतःजवळ बाळगणं हा यापुढे फौजदारी गुन्हा नाही, असं ठरवलं. 2024 साली तिथल्याच विधिमंडळाने तो निर्णय फिरवला. तेव्हापासून या विषयावर कुठेही चर्चा निघाली की दोन दाखले एकमेकांच्या अंगावर फेकले जातात. एक बाजू म्हणते, ओरेगन बघा. दुसरी म्हणते, पोर्तुगाल बघा, तिथे 2001 पासून अशीच सूट आहे. पहिली ओव्हरडोसने गेलेल्यांचे आकडे मांडते, दुसरी तुरुंगात खितपत पडलेल्यांचे. दोघांच्या मनातलं कायद्याचं चित्र मात्र एकच असतं: कायदा म्हणजे नळाची तोटी, आवळली की नशा कमी, सैल सोडली की जास्त. ती कोणत्या दिशेला फिरवायची, एवढाच वाद. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो, कारण त्यात नशा करणारा माणूस कुठेच नाही. कायद्याखाली जगताना तो स्वतःला काय समजू लागतो, कोणाला टाळू लागतो, कोणाचं बोलणं खरं मानतो, हे कोणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. देशाचा कायदा नशा करणाऱ्यांची संख्या किती बदलतो याबद्दल दोन मतं असू शकतील. पण नशा करणारा स्वतःकडे, डॉक्टरकडे, पोलिसाकडे आणि सरकारी सल्ल्याकडे कोणत्या नजरेने बघेल, हे घडवण्यात कायद्याचा मोठा हात असतो. आणि माणूस नशेत अडकून राहतो की बाहेर येतो, वाचतो की मरतो, हे पुष्कळदा या नजरेवरच अवलंबून असतं. म्हणून निव्वळ सेवनाला गुन्हा ठरवणारा कायदा मला चुकीचा वाटतो. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच तो मदतीपासून लांब पळायला शिकवतो. मात्र गुन्हा काढून टाकला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर तो कायदाही तितकाच निकामी. शासनाने नशा करणाऱ्याशी बोललंच पाहिजे. कोणत्या आवाजात आणि कोणाच्या तोंडून, हा खरा प्रश्न.

विरोधी बाजूकडे भक्कम पुरावे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठा जपानचा. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना आणि कामगारांना जागं ठेवण्यासाठी दिलेलं मेथॅम्फेटामाइन हे उत्तेजक युद्ध संपल्यावर तिथे 'फिलोपॉन' या नावाने औषधांच्या दुकानांत सर्रास मिळू लागलं आणि व्यसनाची प्रचंड लाट आली. 1951 साली त्यावर कायदा झाला, 1954 साली एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक लोक पकडले गेले, शिक्षा वाढवल्या गेल्या, आणि काही वर्षांतच लाट ओसरली. आजही आयुष्यात एकदा तरी गांजा ओढल्याचं सांगणारे जपानी शंभरात दोनाहून कमी निघतात. अमेरिकेतल्या दारूबंदीला सगळेच नावं ठेवतात, पण त्या काळात यकृताच्या सिरोसिसने होणारे मृत्यू पूर्वीपेक्षा बरेच कमी होते, मग ती घट बंदीच्या आधीच सुरू झालेली का असेना. अमेरिकेत 1975 पासून शाळकरी मुलांचं दरवर्षी सर्वेक्षण होतं. गांजा धोकादायक आहे असं वाटणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलं की तो ओढणारी मुलं वाढतात, असं त्यात दीर्घकाळ दिसत आलं. तेव्हा वचक गेला की धोक्याची जाणीवही जाईल, ही भीती पोकळ नाही.

पण हे सगळे पुरावे उंबरठ्यापाशी येऊन थांबतात. ज्याने अजून नशा केलेली नाही, ज्याच्याकडे गमावण्यासारखी नोकरी, नाव आणि नातीगोती आहेत, त्याला कायद्याचा धाक अडवतो हे खरं. उंबरठा ओलांडून आत गेलेल्याचं काय? त्याच जपानमध्ये उत्तेजक पदार्थांसाठी पकडल्या जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक याच गुन्ह्यात आधी एकदा तरी पकडले गेलेले असतात. एकदा हात लावलास की संपलास, असं ज्या समाजाने कायद्याच्या आणि प्रचाराच्या मार्फत दशकानुदशकं सांगितलं, त्या समाजात हात लावून बसलेल्या माणसाने परत यायचं कुठे? नोकरी गेली, घरच्यांनी पाठ फिरवली, शेजाऱ्यांनी ओळख टाकली. पूर्वीसारखाच वागवणारा एकच माणूस उरतो, तो पुडी विकणारा. बाहेर राहिलेल्यांच्या मनात भिंत उभी करताना कायदा आत अडकलेल्यांच्या वाटेवरही तीच भिंत बांधतो. पहिल्या गटाची मोजणी सर्वेक्षणात होते. दुसरा गट मोजणीत क्वचित येतो, कारण तो लपलेला असतो.

'कायदा सैल केला तर चुकीचा संदेश जाईल' हे वाक्य तर सगळ्या देशांतल्या मंत्र्यांना पाठ आहे. ब्रिटनमध्ये या वाक्याची जवळजवळ प्रयोगशाळेत व्हावी तशी परीक्षा झाली. जानेवारी 2004 मध्ये गांजा 'ब' वर्गातून खाली 'क' वर्गात आणला गेला. आता वापर वाढणार असं भाकीत झालं. सर्वेक्षणांत मात्र तो उतरत गेला. जानेवारी 2009 मध्ये सरकारने, स्वतःच्याच वैज्ञानिक सल्लागार मंडळाचा सल्ला डावलून, तो पुन्हा 'ब' वर्गात चढवला. ॲमस्टरडॅम आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतल्या गांजा ओढणाऱ्या अनुभवी लोकांची तुलना करणारा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. एका शहरात कॉफी शॉपमधून उघड विक्री, दुसऱ्यात ती बेकायदा. तरी कोणत्या वयात सुरुवात केली, ऐन भरात किती ओढला, पुढे किती कमी केला, यांत फारसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो वेगळ्याच ठिकाणी: सॅन फ्रान्सिस्कोतल्या लोकांनी इतर, जास्त घातक पदार्थ अधिक प्रमाणात वापरलेले होते. नेदरलँड्सने 1976 साली कायदा बदलताना हाच हेतू ठेवला होता, की गांजा घ्यायला आलेल्या पोराची गाठ हेरॉईन विकणाऱ्याशी पडू नये. किती ओढायचं हे तिथल्या कायद्याने ठरवलं नाही, पण कोणाच्या संगतीत ओढायचं हे बऱ्याच अंशी ठरवलं.

म्हणजे संदेश जातो, हे खरंच आहे. फक्त मंत्र्यांनी पाठवलेला आणि पोराला पोचलेला यांत अंतर असतं. अमेरिकेच्या 1970 च्या कायद्याने गांजा आणि हेरॉईन यांना एकाच, सर्वांत धोकादायक समजल्या जाणाऱ्या पहिल्या अनुसूचीत बसवलं, आणि कोकेनला, पुढे मेथॅम्फेटामाइनलाही, त्याखालच्या दुसऱ्या. या कायद्याखाली वाढलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या जागी क्षणभर उभे राहा. शाळेत गणवेशातला पोलीस येऊन सांगतो की हे सगळं विष आहे. लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली सुरू झालेला हा उपक्रम देशभर पसरला होता, आणि नंतरच्या अभ्यासांत त्याचा नशेवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. मग एक दिवस मित्राच्या खोलीत तो मुलगा गांजा ओढतो. मरत नाही, वेडा होत नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत जातो. त्याने काय शिकावं? पोलीस खोटं बोलला, हे तो शिकतो. आणि गांजाबद्दल खोटं बोलणारा हेरॉईनबद्दल खरं बोलत असेल, असं त्याने का मानावं? या मुलाला सरकारने गांजाबद्दलचं खरं सांगायला हवं होतं, की कोवळ्या वयात रोज ओढला तर अभ्यासावर परिणाम होतो, काहींचं मन कायमचं बिघडू शकतं, सगळ्यांचं नाही. हे ऐकण्यासारखं होतं. अतिशयोक्तीच्या गोंगाटात ते त्याच्या कानावर पडलंच नाही, आणि पुढे जेव्हा त्याला खऱ्या इशाऱ्याची गरज पडली तेव्हा इशारा देणाऱ्याची पत संपलेली होती.

दारूबंदीच्या काळातही हेच घडलं. 1920 ते 1933 या तेरा वर्षांत अमेरिकेत दारूपेक्षा मोठी झीज झाली ती कायद्याबद्दलच्या आदराची. जे लोक एरवी रस्त्यावर कागदसुद्धा टाकणार नाहीत, ते चोरून दारू विकणाऱ्याशी नावानिशी ओळख ठेवू लागले. औद्योगिक वापराच्या अल्कोहोलमध्ये सरकारी नियमानुसार मिथेनॉलसारखी विषं मिसळली जात. ते चोरून पेयात वापरलं गेलं आणि पिणारे मेले. सरकार आपल्याला वाचवण्यासाठी बंदी घालतं आहे, यावर त्यानंतर कोण विश्वास ठेवणार? 1931 साली सरकारनेच नेमलेल्या विकरशॅम आयोगाने बंदीची सर्रास पायमल्ली होत असल्याचं नोंदवलं, तरी ती चालूच ठेवावी असंही सुचवलं. सिरोसिसचे मृत्यू घटले हा लाभ मी वर मान्य केला आहे आणि तो मागे घेत नाही. त्या लाभाची किंमत कोणत्या खात्यातून वळती झाली, ते खातंही उघडून बघा एवढंच म्हणतो.

कायद्याची भीती नशेची रीतच बदलून टाकते, आणि हा मुद्दा चर्चेत जवळपास कधीच येत नाही. हाँगकाँग, थायलंड आणि लाओस या तिन्ही ठिकाणी अफू ओढण्यावर बंदी आली आणि तिन्ही ठिकाणी हेरॉईनने तिची जागा घेतली. अफूचा वास दूरवर जातो, ती ओढायला वेळ लागतो, साहित्य लागतं, बैठक लागते. हेरॉईन खिशात मावतं आणि क्षणात घेता येतं. पकडलं जाण्याची भीती ज्याला आहे, तो दुसरं काय निवडेल? आगीतून उठून फुफाट्यात जाण्याची ही वाट कायद्यानेच आखून दिली. 1893 साली भारतातल्या वसाहती सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाला हा धोका तेव्हाच दिसला होता. अकराशेहून अधिक साक्षी तपासून त्याने 1894 मध्ये अहवाल दिला: माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, पूर्ण बंदी घातली तर लोक याहून घातक पदार्थांकडे वळण्याचा धोका आहे, म्हणून कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावं. पुढच्या शतकातल्या आंतरराष्ट्रीय करारांनी नेमकी उलटी दिशा धरली.

हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन झिनबर्ग यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अशा लोकांचा अभ्यास केला, जे अंमली पदार्थ घेत पण त्यांच्या पूर्ण आहारी गेलेले नव्हते. त्यांत हेरॉईन घेणारेही होते. या लोकांचे आपसांत नियम होते: एकट्याने घ्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी काम असेल तर घ्यायचं नाही, घरखर्चाच्या पैशाला हात लावायचा नाही. हे नियम जुन्या, जाणत्या माणसांकडून नव्यांकडे जात. दारूच्या बाबतीत अनेक समाजांत असे अलिखित नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत आणि त्यांनी असंख्य माणसांना आवरलं आहे. गुप्तता ही साखळी तोडते. ज्याला आडोशाला, घाईत, एकट्याने घ्यावं लागतं त्याला थांब म्हणणारं जवळ कोणी नसतं. आणि ज्याला समाजाने आधीच 'गर्दुल्ला' ठरवून टाकलं, तो 'मी माझ्यापुरती मर्यादा पाळतो' असं स्वतःला तरी कशाच्या जोरावर म्हणणार? मर्यादा पाळण्यासाठी आपण मर्यादा पाळणारा माणूस आहोत असं आधी वाटावं लागतं.

याची दुसरी बाजू स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये दिसली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या प्लाट्झश्पिट्झ बागेत शेकडो लोक उघड्यावर सुया टोचून घेत. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या बागेचे फोटो छापले. फेब्रुवारी 1992 मध्ये पोलिसांनी ती बंद केली, तर गर्दी जवळच्या जुन्या लेटेन स्थानकावर गेली. तेही 1995 मध्ये बंद झालं. नुसत्या हुसकावण्याने माणसं जागा बदलतात, एवढंच यातून दिसलं असतं. पण स्विस लोकांनी त्याच काळात आणखी काही केलं. हेरॉईनऐवजी दिल्या जाणाऱ्या मेथाडोन या औषधाचे उपचार सहज मिळू लागले, आणि 1994 पासून ज्यांच्यावर इतर सर्व उपचार फसले होते अशांना दवाखान्यात, परिचारिकेच्या समोर, ठरल्या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेलं हेरॉईन मिळू लागलं. सरकारच हेरॉईन वाटतं म्हटल्यावर तरुणांना मोकळं रान मिळेल, अशी टीका झाली. झालं नेमकं उलटं. 2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार झुरिक परिसरात 1990 साली अंदाजे 850 लोक नव्याने हेरॉईनकडे वळले होते. 2002 साली हा आकडा 150 च्या आसपास आला होता. संशोधकांचा तर्क असा की हेरॉईनची प्रतिमाच पालटली. पोलिसांना चुकवत बागेत सुई टोचणारा तरुण इतर तरुणांना बंडखोर वाटे. रोज सकाळी रांगेत उभा राहून औषध घेणारा पन्नाशीकडे झुकलेला रुग्ण कोणालाही तसा वाटेना. शंका घ्यायला जागा आहे. त्याच वर्षांत इतर पदार्थांची चलती वाढली होती, आणि प्रतिमा बदलली हे मोजण्यापेक्षा समजून घेण्यासारखं आहे. तरीही कडक कायद्याच्या समर्थकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो: बंडाची झळाळी मुळात देतं कोण? ज्या कृतीसाठी पोलीस मागे लागतात, ती कृती सोळा वर्षांच्या पोराला मोठं करते. ज्या कृतीसाठी डॉक्टरकडे कागद भरावा लागतो, ती करत नाही. 2008 साली स्विस मतदारांनी 68 टक्के मतांनी हे उपचार कायम केले, आणि तिथला मतदार काही स्वैराचारी म्हणून प्रसिद्ध नाही.

पोर्तुगालबद्दल दोन्ही बाजू अर्धवट बोलतात. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे एक लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्का, हेरॉईनच्या विळख्यात होते. 1 जुलै 2001 पासून लागू झालेल्या कायद्याने दहा दिवस पुरेल इतका साठा बाळगणं फौजदारी कक्षेतून काढलं. बंदी मात्र उठवली नाही. पकडलेला माणूस न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीसमोर जातो, आणि तिथे कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणारे लोक त्याच्याशी टेबलाच्या पलीकडे बसून बोलतात. व्यसन जडलेलं नसेल तर बहुधा प्रकरण स्थगित ठेवून सोडतात, जडलेलं असेल तर उपचाराची वाट दाखवतात. नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीच्या नव्या नोंदी वर्षाला हजाराच्या वर होत्या, त्या पुढच्या दशकभरात शंभराच्या आत आल्या. सुया आणि मेथाडोन पुरवणारी यंत्रणा आधीपासून उभी राहत होती आणि तिचा यात मोठा वाटा आहे. पण सुया वाटणाऱ्या गाडीपाशी येणारा माणूस पोलीस दिसला की पळत असेल, तर गाडी असून उपयोग काय? कायद्याने त्याला तिथे थांबता येईल असं केलं. पुढे आर्थिक संकटानंतर ही यंत्रणा विस्कटली, पैसा आटला, आणि अलीकडच्या वर्षांत पोर्टो शहरात उघड्यावरच्या नशेच्या तक्रारी पुन्हा वाढल्या. सौम्य कायद्याच्या समर्थकांनी हा भाग झाकून ठेवू नये.

आता ओरेगन. तिथे पकडलेल्याला शंभर डॉलरच्या दंडाची पावती मिळे, आणि एका दूरध्वनी क्रमांकावर फोन करून आरोग्य तपासणी पूर्ण केली तर दंड माफ होई. पहिल्या सव्वा वर्षात त्या क्रमांकावर जेमतेम सव्वाशेच्या आसपास फोन आले. बहुतेकांनी पावती फेकून दिली, कारण दंड न भरल्याने काहीच होत नव्हतं. उपचारांसाठीचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला फार उशीर झाला. नेमक्या त्याच काळात फेंटानिल, हेरॉईनहून कितीतरी जहाल असं कृत्रिम रसायन, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. तो प्रसार हिशेबात घेतल्यावर ओव्हरडोसच्या मृत्यूंचा कायद्याशी संबंध उरत नाही, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. हा बचाव खरा आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. लोक चिडले ते पदपथावर, शाळेच्या वाटेवर, बसथांब्यावर उघड नशा बघून, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. ओरेगनने नशा करणाऱ्याला काय सांगितलं? तू काहीही कर, आम्ही बघणार नाही. पोर्तुगालमध्ये माणसासमोर माणूस बसतो, इथे त्याच्या हातात कागद पडला. दुर्लक्ष झालेला माणूसही एक धडा शिकतो: आपण कोणाच्या खिजगणतीत नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्याला याहून वाईट धडा क्वचितच असेल.

इथेच विरोधी बाजूचा सर्वांत मानवी युक्तिवाद उभा राहतो. ती म्हणते, व्यसनी माणसाची इच्छाशक्तीच खचलेली असते. त्याला धरून उपचाराला नेणं हीच करुणा. असे कितीतरी लोक आहेत जे सांगतात की अटक झाली म्हणून मी वाचलो, आणि त्यांचं म्हणणं खोटं ठरवण्याचा मला अधिकार नाही. स्वीडनने या भूमिकेवर सबंध राष्ट्रीय धोरण बांधलं. 1988 साली सेवन हाच गुन्हा केला, 1993 साली त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली, म्हणजे पोलिसांना रक्त-लघवी तपासता येईल. तिथे शाळकरी मुलांमध्ये नशा कमी आहे, हेही मान्य. पण अंमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात हाच देश अनेक वर्षं युरोपातल्या वरच्या देशांत राहिला. राजधानी स्टॉकहोममध्ये स्वच्छ सुया देणारं पहिलं केंद्र सुरू व्हायला 2013 साल उजाडावं लागलं, कारण सुई देणं म्हणजे हार मानणं असं मानलं जाई. लघवीत सापडलेला अंश ज्या देशात गुन्हा ठरतो, तिथे माणूस डॉक्टरला खरं सांगेल का? सक्तीने एखाद्याचं आयुष्य वळणावर येतं, पण त्या एकाची गोष्ट आपल्याला ऐकायला मिळते कारण तो जिवंत आहे. भीतीने बंद दाराआड एकट्याने घेतलं आणि गेला, त्याची साक्ष कोण नोंदवणार?

2014 च्या डिसेंबरातली एक घटना मला या सगळ्या वादापेक्षा मोठी वाटते. सुपरमॅनचं चिन्ह असलेल्या गुलाबी गोळ्या एक्स्टसी, म्हणजे पार्ट्यांत घेतली जाणारी नशेची गोळी, म्हणून विकल्या जात होत्या. आत होतं पीएमएमए हे जास्त विषारी रसायन, ज्याचा परिणाम उशिरा सुरू होतो, त्यामुळे माणूस दुसरी गोळी घेतो आणि मरतो. नेदरलँड्समध्ये 1992 पासून नशा करणारे आपल्या गोळ्या सरकारमान्य केंद्रात तपासून घेऊ शकतात. एका तपासणीत ही गोळी सापडली, देशभर इशारा दिला गेला, आणि तिथे कोणी मेलं नाही. त्याच गोळ्या ब्रिटनमध्ये पोचल्या, आणि नाताळ-नववर्षाच्या दिवसांत चार जणांचे मृत्यू त्यांच्याशी जोडले गेले. गोळी एकच, समुद्र एकच, तरुणही सारखेच. एका देशात नशा करणारा स्वतःहून सरकारच्या दारात गोळी घेऊन येतो, कारण दारात त्याला कोणी धरत नाही. म्हणून सरकारला गोळी कळते, आणि सरकारचा शब्द त्याला खरा वाटतो. हा विश्वास डिसेंबरात इशारा छापून निर्माण होत नाही. तो वीस-बावीस वर्षं साठत आलेला असतो.

कायदा आणखी एक गोष्ट शिकवतो: कोणाची नशा माफ आणि कोणाची नाही. अमेरिकेने 1986 साली क्रॅकच्या, म्हणजे ओढण्यासाठी खडे बनवलेल्या कोकेनच्या, 5 ग्रॅमला आणि कोकेन पावडरच्या 500 ग्रॅमला सारखीच, किमान पाच वर्षांची कैद लावली. पदार्थ मुळात एकच. क्रॅक खटल्यांत शिक्षा झालेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय होते. शंभरास एक हे प्रमाण 2010 मध्ये अठरास एक झालं, पण मधल्या चोवीस वर्षांत अनेक वस्त्यांत कायद्याबद्दल जी खात्री पक्की झाली, ती अशी दुरुस्तीने पुसली जात नाही.

तर मग कायद्याने काय करावं? तंबाखूकडे बघा. 1965 साली अमेरिकेतले चाळीस टक्क्यांहून जास्त प्रौढ सिगारेट ओढत. आता हे प्रमाण बारा टक्क्यांच्या खाली गेलं आहे. सिगारेट ओढल्याबद्दल प्रौढ माणसाला तुरुंगात टाकावं लागलं नाही. 1964 चा सरकारी वैद्यकीय अहवाल आला, टीव्ही-रेडिओवरच्या जाहिराती बंद झाल्या, कर वाढले, कार्यालयं आणि उपाहारगृहं धूरमुक्त झाली, सोडायची इच्छा असलेल्याला मदत मिळू लागली. यातलं जवळजवळ सगळं कायद्यानेच केलं, तेव्हा कायदा दृष्टी बदलू शकत नाही असं मी म्हणत नाही. तो कुठे ओढायचं नाही हे ठाम सांगतो, विकणाऱ्याला करकचून बांधतो, आणि ओढणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. त्यामुळे ओढणारा डॉक्टरला दिवसाला किती सिगारेटी ते बिनदिक्कत सांगतो, आणि सोडायला सांगणाऱ्या सरकारी इशाऱ्यात त्याला शत्रू दिसत नाही. हेरॉईन म्हणजे तंबाखू नव्हे, त्याची दुकानं उघडावीत असं सुचवण्याचा माझा हेतू अजिबात नाही. विक्री गुन्हा राहू दे, तस्करी गुन्हा राहू दे, सार्वजनिक जागेतली नशा मना असू दे आणि ती मनाई अमलातही येऊ दे. पण ज्याच्या रक्तात तो पदार्थ आहे, त्याच्याशी पहिली भेट पोलिसाची व्हायची की आरोग्यसेविकेची, हे कायद्यातच लिहिलेलं असायला हवं, आणि त्यासाठी लागणारा पैसा गुन्हा काढायच्या आधी जागेवर पोचलेला असायला हवा.

हे किती कठीण आहे ते ओव्हरडोसच्या प्रसंगात कळतं. सोबतचा मित्र निळा पडतो आहे, फोन हातात आहे, आणि मनात येतं की रुग्णवाहिकेबरोबर पोलीसही येतील. या एका विचाराने जीव जातात हे ओळखून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने 2007 साली कायदा केला: अशा वेळी मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर बाळगण्याचा खटला भरायचा नाही. नंतर बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. तरीही अनेक जण आजही फोन करायला कचरतात. काहींना हा कायदा ठाऊकच नसतो. काहींना ठाऊक असतो, पण दारात येणारे पोलीस तेच असतात, आधीच्या वॉरंटची किंवा पॅरोलची भीती तशीच असते, भाड्याचं घर जाईल ही भीती तर कुठल्याच कलमात बसत नाही. तेव्हा अशा कायद्याचं संरक्षण वॉरंट आणि पॅरोलपर्यंत वाढवायला हवं, पहिला प्रतिसाद आरोग्य पथकाचा असायला हवा, आणि नशा करणाऱ्यांना हे संरक्षण समजावून सांगायचं काम सुया देणाऱ्या आणि गोळ्या तपासणाऱ्या केंद्रांकडे द्यायला हवं, कारण त्यांचं ऐकलं जातं.